लेखनिक, जादा वेळ, दिव्यांग प्रमाणपत्र: कॉलेजात अर्ज कसा करायचा

हिवाळी परीक्षेत पेपरच्या आदल्या संध्याकाळी बी.ए.चा एक मुलगा आमच्या कॉलेज ऑफिसच्या खिडकीशी आला. फायलीत सगळं होतं: यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, हॉलतिकीट, लेखनिकाचं (त्याच्यासाठी पेपर लिहिणाऱ्याचं) आधार. फक्त लेखनिक त्याच्याच वर्गातला. स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा लागतो. रात्री नऊपर्यंत बारावीतली पोरं शोधत फोन लावत बसलो. तेव्हा परीक्षेचा फॉर्म भराल त्याच आठवड्यात लेखनिकाचाही अर्ज देऊन टाका.

आधी प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो आणि उपचाराचे कागद जोडून अर्ज करायचा, मग ठरलेल्या हॉस्पिटलात तपासणी. नागपूरकर मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत जातात. तपासणीचं वैद्यकीय बोर्ड कोणत्या वारी बसतं ते विचारूनच निघा. गोंदिया-गडचिरोलीहून इथे शिकायला आलेल्यांनी गावचं प्रमाणपत्र पुन्हा काढू नये, ते देशभर चालतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, त्यात येतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, त्या यादीत नाही. पण सोबत अध्ययन अक्षमताही असेल तर त्याची तपासणी जरूर मागा. पालक बहुतेकदा एडीएचडीचा एकच कागद घेऊन येतात आणि अडतात.

प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत 5 टक्के राखीव जागा, वयात 5 वर्षांची सूट. परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सीच्या विद्यार्थ्यांना मागितल्यावर लेखनिक मिळतो. बाकीच्यांना लिहिण्यात अडचण असल्याचा सिव्हिल सर्जन किंवा वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला लागतो.

40 टक्क्यांच्या खाली असलेल्यांना खिडकीवरून सर्रास परत पाठवतात. ते चूक आहे. 10 ऑगस्ट 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांनाही लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. त्यासाठी सिव्हिल सर्जनच्या अध्यक्षतेखालील समितीचा, लिहिण्यातली अडचण नोंदवलेला दाखला हवा.

कर्मचाऱ्यांचं थोडक्यात: सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदावनतीही करता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यावं लागतं. तळमजल्यावरची खोली, स्क्रीन रीडर, कामाच्या वेळेत बदल, जे हवं ते नेमकं लिहा. ‘योग्य ती सवलत मिळावी’ एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावरच राहतो.

अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आलं नाही तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तिथेही अडलं तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाताना तीच प्रत लागते.