जर्सीवरची वीतभर जागा कोणासाठी?

२०२६-२७च्या हंगामापासून इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगमधल्या संघांच्या जर्सीवर, छातीच्या मधोमध, बेटिंग कंपनीचं नाव नसेल. क्लबांनी एप्रिल २०२३मध्ये आपणहून तसं ठरवलं आणि जुने करार निस्तरायला २०२५-२६चा हंगाम संपेपर्यंतची मुदत घेतली. बाहीवर मात्र ही नावं चालणार आहेत, म्हणजे निर्णय अर्धाच. तरी त्यातून एक जुना प्रश्न वर आला आहे. ती वीतभर जागा विकली जाते ती नेमकी कोणाच्या नजरेसाठी? गेल्या पन्नास वर्षांत याचं उत्तर पार बदललं, आणि इंग्लिश फुटबॉलचा चाहता कुठून कुठे पसरला याचा मागही तिथूनच लागतो.

सुरुवात झाली केटरिंग या लहान गावात. तिथला केटरिंग टाउन संघ सदर्न लीगमध्ये खेळायचा, म्हणजे मोठ्या चार विभागांच्याही खाली. २४ जानेवारी १९७६ला हे खेळाडू बाथ सिटीविरुद्ध उतरले तेव्हा त्यांच्या छातीवर ‘केटरिंग टायर्स’ अशी अक्षरं होती. कल्पना होती डेरेक डूगन यांची. वुल्व्हरहॅम्प्टन आणि उत्तर आयर्लंडकडून गाजलेले हे खेळाडू आता क्लबचा कारभार बघत होते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, म्हणजे एफएनं, नाव काढायला सांगितलं. डूगन यांनी ‘टायर्स’मधलं पहिलं इंग्रजी अक्षर ‘टी’ तेवढं ठेवलं, बाकीची चार उडवली, आणि हा ‘टी’ म्हणजे ‘टाउन’ असं सांगितलं. एफएला ते पटलं नाही. हजार पौंडांच्या दंडाची धमकी आल्यावर अक्षरं निघाली, पण विषय मिटला नाही. १९७७मध्ये एफएनं जाहिरातींवरची बंदी उठवली. एका गावाच्या क्लबनं गावच्याच धंद्याकडून चार पैसे उभे करावेत, यात डूगन यांना काहीच गैर वाटत नव्हतं. मलाही वाटत नाही.

१९७९मध्ये लिव्हरपूलनं हिताचीशी करार केला. पहिल्या विभागातल्या क्लबचा हा पहिला करार, पण बीबीसी आणि आयटीव्ही नाव छापलेल्या जर्सी पडद्यावर दाखवायला तयार नव्हते. त्यामुळे सामना टीव्हीवर असला की खेळाडूंना कोऱ्या जर्सी घालाव्या लागत. १९८३मध्ये ही अडचण दूर झाली. तोवर आर्सेनलवर जेव्हीसी आलं होतं, मँचेस्टर युनायटेडवर शार्प. नावं जपानी असली तरी गिऱ्हाईक ब्रिटनमधलंच होतं. घराघरात रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ प्लेअर विकायचे होते. शार्पचं ब्रिटनमधलं कार्यालय तर मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागात होतं, आणि युनायटेड क्लब १८७८मध्ये जन्मला तो न्यूटन हीथ याच नावानं.

१९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि उपग्रह वाहिन्यांवरून सामने आशियात पोचू लागले. १ जानेवारी २००३चा एव्हर्टन-मँचेस्टर सिटी सामना चीनमध्ये कोट्यवधी लोकांनी पाहिला, कारण एकीकडे ली ती होता आणि दुसरीकडे सुन जिहाई, दोघेही चिनी खेळाडू. एव्हर्टनच्या छातीवर तेव्हा केजियान या चिनी मोबाइल कंपनीचं नाव होतं. लिव्हरपूलच्या रहिवाशाला त्या नावाचा उपयोग शून्य. मग बेटिंग कंपन्यांनी हाच रस्ता धरला. काही जर्सींवर तर चिनी लिपीत नावं आली. मैदानात बसलेल्या बहुतेकांना ती वाचताही येत नव्हती.

२०१०मध्ये लिव्हरपूलवर स्टँडर्ड चार्टर्ड आलं. हिताचीच्या वेळी कंपनी परदेशी आणि गिऱ्हाईक घरचं होतं, इथे बरोबर उलटं झालं. बँकेचं मुख्यालय लंडनमध्ये, धंदा मुख्यतः आशिया आणि आफ्रिकेत. मुंबईत ती १८५८पासून आहे, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला २०१७पर्यंत तिचंच नाव होतं. युनायटेडचं उदाहरण याहून बोलकं आहे. शेवरोलेनं सात हंगामांसाठी ५५ कोटी ९० लाख डॉलर मोजायचं कबूल केलं. २०१४मध्ये ते सोनेरी चिन्ह जर्सीवर झळकलं, तेव्हा युरोपातून शेवरोलेनं गाशा गुंडाळायला घेतला होता. ज्या गाडीची जाहिरात मँचेस्टरमध्ये रोज दिसत होती, ती तिथल्या शोरूममधून नाहीशी होत होती आणि आपल्या तळेगावच्या कारखान्यात तयार होत होती.

पैसा कुठून येतो ते आता आकड्यांतही दिसतं. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांत परदेशी प्रक्षेपण हक्कांची रक्कम पहिल्यांदाच देशातल्या हक्कांच्या पुढे गेली. तरीही एप्रिल २०२१मध्ये सहा मोठ्या क्लबांनी सुपर लीगचा, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा, घाट घातला, तेव्हा चेल्सीच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानाबाहेर रस्ता अडवून बसले ते तिथलेच चाहते. दोन दिवसांत सहाही क्लब मागे फिरले. पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी शाहू स्टेडियम गाठणाऱ्या कोल्हापूरकराला या माणसांची तळमळ समजावून सांगावी लागणार नाही. लांबच्या चाहत्याचं प्रेम खोटं नाही, पण क्लब जागेवर धरून ठेवतो तो जवळचाच.

या जवळच्या चाहत्यासाठी, आणि केटरिंगसारख्या लहान क्लबांसाठी, एक जुना नियम अजून टिकून आहे. १९६०च्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी तो लावून धरला होता. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायचं नाही, म्हणजे छोटी मैदानं ओस पडणार नाहीत. त्यामुळे तीनला सुरू होणारा सामना बर्नलीतल्या माणसाला घरबसल्या दिसत नाही. पुण्यात मात्र तोच सामना, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला, जेवणाच्या ताटासमोर थेट चालू असतो.