पिक्सेल चित्रशैली

व्हिडिओ खेळांतील पात्रे, पार्श्वभूमी व अक्षरे चौकोनी बिंदूंच्या जाळीवर एकेक बिंदू ठेवून रेखाटण्याची पद्धत. पिक्सेलला ‘चित्रबिंदू’ असा मराठी प्रतिशब्द आहे. मात्र बोलण्यात आणि आता लेखनातही मूळ शब्दच रुळल्याने येथे तोच ठेवला आहे. मोजके बिंदू असले की ही शैली झाली, असे नव्हे. छायाचित्र आकसवल्यावर दिसणाऱ्या धुरकट चौकोनांत चित्रकाराचा हात नसतो. या शैलीत प्रत्येक बिंदू जाणून ठेवलेला असतो.

संज्ञा : ‘पिक्सेल’ हा शब्द छापील रूपात प्रथम १९६५ मध्ये फ्रेडरिक बिलिंग्जली यांच्या अवकाशयानांच्या छायाचित्रांविषयीच्या लेखांत आढळतो, असे सामान्यतः मानतात. तथापि, तो आपण कीथ मॅकफार्लंड यांच्याकडून ऐकला, असे बिलिंग्जली सांगत. आणि मॅकफार्लंड यांच्या म्हणण्यानुसार १९६३ च्या सुमारास तो आधीच वापरात होता. त्यामुळे शब्दाचे जनकत्व एकाकडे देणे धाडसाचे ठरेल. कल्पना तर बरीच जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ रसेल किर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले, ते १७६ × १७६ बिंदूंचे होते. ‘पिक्सेल आर्ट’ ही जोडसंज्ञा ॲडेल गोल्डबर्ग व रॉबर्ट फ्लेगल यांच्या १९८२ च्या टिपणात येते. तिचा रोख मात्र खेळांवर नसून संगणकावरील चित्रनिर्मितीवर होता.

उगम : शैलीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत तिला कुट्टिमचित्रे (रंगीत तुकडे जडवून केलेली मोझेक चित्रे), मोजून भरायचा कशिदा आणि बिंदुवादी चित्रकला यांच्या परंपरेत बसवते. दुसरे मत तिला यंत्राच्या अपुऱ्या स्मृतीचे अपत्य मानते. साम्यावरून वंश ठरत नाही, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या घरगुती व्हिडिओ खेळांच्या यंत्राचेच उदाहरण घ्यावे. त्याचा पडदा २५६ × २४० बिंदूंचा. चित्र ८ × ८ बिंदूंच्या फरशांनी भरायचे, एका फरशीला १६ बाइट. पार्श्वभूमीत चार फरशांच्या गटाला मिळून एकच रंगसंच, त्यात चार रंग, आणि त्यांतलाही एक साऱ्या पडद्याला सामाईक. हलत्या आकृतीला तीन रंग. एका आडव्या ओळीत अशा आकृत्यांचे आठांहून अधिक तुकडे आले की जादाचे दिसतच नसत, म्हणून गर्दीत आकृत्या लुकलुकत. कुट्टिमकाराला हवी ती फरशी फोडता येते, शेजारी हवा तो रंग बसवता येतो. या चित्रकाराला ती मुभाच नव्हती.

अडचणीतून काढलेल्या वाटा पुढे शैलीची लक्षणे ठरल्या. डाँकी काँग (१९८१) या खेळातील नायकाला त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी टोपी दिली ती केस रेखाटणे टाळण्यासाठी, आणि मिशी दिली ती तोंडाची अडचण चुकवण्यासाठी. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हा एकच आकार आहे. रंग तेवढा बदललेला.

इतर शैली : १९९० च्या दशकात त्रिमितीय चित्रणाने पिक्सेलला मागे सारले. पुढे जपानी शाईचित्रांच्या वळणाचा ओकामी (२००६), १९३० च्या दशकातील हातकामाच्या ॲनिमेशनची धाटणी घेणारा कपहेड (२०१७) आणि पुण्यात घडलेला राजी (२०२०) अशा खेळांतून निराळे प्रयोग झाले. पिक्सेलही परतला, पण आता हौसेने पत्करलेली मर्यादा म्हणून. स्टारड्यू व्हॅली (२०१६) हे त्याचे ठळक उदाहरण.

सातारा-सांगली परिसर : सातारा, कराड, सांगली, मिरज येथील घरांत ही शैली पोहोचली ती साधारणतः १९९० च्या दशकात, फॅमिकॉमच्या नकला करणाऱ्या स्वस्त संचांमधून. त्यांना ‘टीव्ही गेम’ किंवा ‘कॅसेटचा गेम’ म्हणत. टीव्हीमागची अँटेनाची वायर काढून तिथे गेमची खुपसायची आणि चित्र स्थिर होईपर्यंत चॅनल जुळवायचा. काचेच्या फुगीर पडद्यावर बिंदूंच्या कडा एकमेकींत विरघळत. दोन रंगांचे बिंदू बुद्धिबळाच्या पटासारखे आळीपाळीने मांडले की मधलाच तिसरा रंग भासे. आजच्या मोबाइलवर जे करकरीत चौकोन ‘जुन्या गेमसारखे’ म्हणून मिरवतात, तसे ते त्या टीव्हीवर सहसा दिसत नव्हते.

त्याच टीव्हीवर बहुधा मॅटीच्या कापडाचे आच्छादन असे, क्रॉस-स्टिचने मोर किंवा पोपट भरलेले; खेळायच्या आधी ते वर सारावे लागे. येथे वंशाचा दावा नाही, पण रीत मात्र एकच आहे. चौकोनी घरांत तिरपी रेघ नसते, पायऱ्या असतात. मोराची मान गोलसर वळवायची तर पायऱ्यांची लांबी क्रमाने उतरवावी लागते : चार घरे, मग दोन, मग एक. चार, एक, दोन असे झाले की मान मोडल्यासारखी दिसते, आणि भरणारीला तेवढे टाके उसवावे लागतात.