मेंडोसाची मालबेक

मालबेक हे काळ्या द्राक्षाच्या एका जातीचे आणि तिच्यापासून होणाऱ्या गडद, भरदार लाल वाईनचेही नाव. जात मूळची नैर्ऋत्य फ्रान्समधली, पण आज मालबेक म्हटले की अर्जेंटिनाचा मेंडोसा प्रांतच आठवतो. ते रास्तही आहे, कारण जगातली बहुतांश मालबेक अर्जेंटिनात पिकते आणि अर्जेंटिनातली बहुतांश मेंडोसात.

फ्रान्समध्ये लॉट नदीकाठच्या काओर परिसरात या जातीला 'को' म्हणतात. तिथली वाईन 'काळी वाईन' म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध. वेल मात्र हळवी. फुलोऱ्यात गारठा आणि पाऊस आला की मणी धरत नाहीत, हवा दमट राहिली की घड कुजतात. फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत बोर्दो या फ्रान्समधल्या नामांकित वाईन-प्रदेशातल्या आणि काओरच्या बागा जळाल्या. नव्याने लागवड करताना बोर्दोने मालबेककडे पाठ फिरवली. काओरने तीच लावली. १९७१ मध्ये काओरच्या वाईनला संरक्षित नाव मिळाले आणि तिच्यात किमान ७० टक्के मालबेक असावीच लागते.

मेंडोसात मालबेक १९५६ च्या त्या थंडीच्या शंभर वर्षे आधी पोचली होती. पुढे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झालेले दोमिंगो सार्मिएंतो यांच्या पुढाकाराने तिथे कृषिशाळा काढण्याचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ रोजी प्रांतिक विधिमंडळात मांडला गेला, आणि मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने मालबेकसह अनेक फ्रेंच जाती आणल्या. म्हणूनच १७ एप्रिल हा मालबेक दिन.

हळव्या वेलीला इथे मानवले काय, तर कोरडेपणा. अँडीज पर्वताच्या पर्जन्यछायेतल्या या प्रदेशात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. बागा जगतात त्या अँडीजवरून वितळून येणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी पाटांनी खेळवण्याची विद्या स्पॅनिश लोक येण्याआधीपासून इथल्या वार्पे लोकांना अवगत होती. आजही बागेला पाणी पाळीने मिळते, आणि मेंडोसा शहरात रस्त्याच्या कडेने उघडे पाट वाहतात. त्यांच्याच ओलीवर वाळवंटातली ती दाट झाडांची सावली उभी आहे. मेंडोसाची खरी कर्तबगारी मला या पाटांत दिसते.

दुसरा लाभ उंचीचा. लुहान दे कुयोच्या बागा समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मीटरवर, उको खोऱ्यातल्या काही १,५०० मीटरच्या आसपास. तिथल्या प्रखर उन्हात मण्यांची साल जाड होते, रंग आणि तुरटपणा साठतो. थंड रात्री आंबटपणा टिकवून धरतात. अनेक जुन्या वेली खुंटावर कलम न करता स्वतःच्याच मुळांवर वाढवलेल्या आहेत.

संकटे उरतातच. पर्वतावरून उतरणारा 'सोंदा' हा उष्ण, कोरडा वारा फुलोरा जाळतो. गारपिटीची धास्ती तर नाशिकच्या बागायतदाराला वेगळी सांगायला नको. मेंडोसात ओळीच्या ओळी जाळीने झाकलेल्या दिसतात. मोठे नुकसान माणसांनीही केले: देशातला वाईनचा खप घसरला तेव्हा, १९८० च्या दशकात, मालबेकच्या कितीतरी जुन्या बागा उपटल्या गेल्या. जातीला पुन्हा मान मिळाला तो १९९० नंतर, निर्यात वाढल्यावर.

पेल्यात ओतली की ही वाईन जवळजवळ अपारदर्शक दिसते; पेला कलता केला की काठाशी जांभळी-किरमिजी कड उमटते. वासात पिकलेला आलुबुखार आणि व्हायोलेटची फुले. तुरटपणा भरपूर, पण मऊ, म्हणून लाकडाच्या निखाऱ्यांवर सावकाश भाजलेल्या गोमांसासोबत, म्हणजे 'असादो'बरोबर, अर्जेंटिनात ती घरोघरी प्यायली जाते.