सुपरव्हायझर बाहेरचा का लागतो? समाजकार्यातल्या एका कराराची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स पदवी) झालं म्हणून लगेच स्वतंत्रपणे मानसोपचार देता येत नाहीत. राज्याच्या मंडळाकडे ‘असोसिएट’ म्हणून नाव नोंदवायचं, ३००० तास काम करायचं, किमान १०४ आठवडे सुपरव्हिजन, म्हणजे लायसन्सधारकाची देखरेख आणि मार्गदर्शन, घ्यायची आणि मग लायसन्ससाठी क्लिनिकल परीक्षेला बसायचं. आठवड्याला एक तास सुपरव्हायझरसमोर किंवा दोन तास गटात बसून तासांच्या तक्त्यावर त्याची सही घ्यावी लागते. छोट्या संस्थेत सही करण्याइतका अधिकार असलेलं कुणी नसतं. मग बाहेरच्या लायसन्सधारकाशी लेखी करार होतो.

या प्रथेचं मूळ मात्र उपचारात नाही, दानधर्मात आहे. लंडनच्या धर्तीवर १८७७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. गरिबांच्या घरी जाणारे ‘फ्रेंडली व्हिजिटर’ हे बहुतेक सुखवस्तू घरांतले बिनपगारी लोक. कोण कुठल्या घरी जाणार हे पगारी एजंट ठरवायचा आणि परत आल्यावर हकिकतही तोच ऐकायचा. हौशी माणसं टिकत नसत, त्यामुळे नव्यांना पुन्हा पुन्हा शिकवणं त्याच्याच गळ्यात पडे. साहेब आणि मास्तर एकच झाले ते असे.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला आणि शिक्षण हळूहळू कॉलेजांकडे गेलं. पहिल्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांसाठी माणसं हवी होती, म्हणून १९१८ मध्ये स्मिथ कॉलेजात मनोरुग्णांसोबतच्या समाजकार्याचं प्रशिक्षण सुरू झालं. पाठोपाठ फ्रॉइडचे विचार आले आणि सुपरव्हिजनचा रोखच बदलला. क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, तेव्हा मला काय वाटलं, हे सगळं आठवून लिहायचं आणि समासात सुपरव्हायझरचे शेरे. शिकण्यासाठी याच्याइतकी चांगली रीत मला तरी ठाऊक नाही. पण तिचा अतिरेकही झाला. केस राहिली बाजूला आणि कार्यकर्त्याच्याच मनाची चिरफाड होऊ लागली. शिवाय ज्याच्या शेऱ्यावर पगारवाढ अवलंबून, त्याच्यापुढे ‘या केसची मला भीती वाटते’ असं कोण कबूल करणार?

समाजकार्याचे अमेरिकन प्राध्यापक आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ मध्ये सुपरव्हिजनची तीन कामं मांडली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. तिन्ही एकाच खुर्चीतून व्हावीत अशी अपेक्षा होती. ती मोडली लायसन्समुळे. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्टो रिको बेटाने १९३४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९४५ मध्ये या व्यवसायाला कायद्यात आणलं. बाकीची राज्यं बरीच मागून आली. १९८९ च्या कायद्याने क्लिनिकल (मानसोपचार देणाऱ्या) सोशल वर्करच्या सेवेचे पैसे मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याकडून मिळायची वाट खुली झाली. लायसन्सला असा भाव आला, तसा सुपरव्हिजनच्या तासालाही आला. कुठे ते पैसे संस्था भरते, कुठे शिकणाऱ्याच्या खिशातून जातात.

कराराने प्रशासन संस्थेकडे ठेवलं. शिक्षण आणि आधार बाहेरच्याकडे गेला. मास्तरापुढे मन मोकळं करायला आता पगाराची धास्ती नाही, हा फायदा मोठा. पण केस कोणती द्यायची, किती द्यायच्या, हे बाहेरच्या माणसाच्या हातात नाही, आणि काही बिनसलं तर मंडळापुढे उत्तर त्यालाही द्यावं लागतं. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या करारात दोन गोष्टी संस्थेकडून लिहून घेतात: सुपरव्हायझरला क्लायंटच्या नोंदी पाहू देऊ, आणि त्याच्या कायदेशीर व नैतिक जबाबदारीत ढवळाढवळ करणार नाही. माझ्या मते अख्ख्या कागदात वजनाची कलमं हीच. फी आणि वेळापत्रक नंतर.

आपल्याकडे ही परंपरा आली ती मुंबईतून. नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं. तेच आजचं ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). फील्डवर्कचे रिपोर्ट आणि सुपरव्हायझरबरोबरची ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे एकेकट्याने भेटून चर्चा) इथल्या एमएसडब्ल्यूवाल्यांना चांगलीच ठाऊक आहे. मात्र समाजकार्याला सरसकट लायसन्स इथे आलं नाही, त्यामुळे पदवी हातात पडली की सुपरव्हिजनही सुटते. नोकरीत उरतो तो नुसता साहेब. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सायकिअॅट्रिक सोशल वर्करच्या व्याख्येत देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण घातलं, पण तेही दोन वर्षांच्या एमफिलपुरतंच.