हिरव्या लेझरच्या पोटात काय असतं?

लाल लेझर पॉइंटर स्वस्त आणि हिरवा महाग, असं का? काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर असं, की 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या पॉइंटरमध्ये प्रकाश मुळात हिरवा नसतोच. आतला 808 नॅनोमीटरचा डायोड निओडिमियम असलेल्या स्फटिकाला चेतवतो आणि त्यातून 1064 नॅनोमीटरचा लेझर निघतो. तो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पुढे केटीपी नावाचा इवलासा स्फटिक बसवलेला असतो. त्यात दोन अवरक्त फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जातात आणि दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा, एक हिरवा बाहेर येतो.

हे कसं होतं? गणपतीतला कर्णा आठवा. आवाज मापात असला की गाणं जसंच्या तसं ऐकू येतं. बटण शेवटपर्यंत पिळलं की पडद्याला ताल सांभाळता येत नाही आणि गाण्यात नसलेले सूर निघू लागतात. प्रखर प्रकाशात स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांचं असंच होतं. धक्का दुप्पट, तर हालचाल दुप्पट, हे सरळ प्रमाण सुटतं. नॉनलिनिअर ऑप्टिक्स म्हणतात ते हेच. म्हणून अवरक्त प्रकाश दुप्पट केला, तर हिरवा सुरुवातीला चौपट होतो.

साध्या काचेतून हिरवा का मिळत नाही? काचेची अंतर्गत रचना सगळ्या दिशांना सारखी असते. दुप्पट वारंवारतेसाठी एकीकडे झुकलेली रचना लागते, ती क्वार्ट्झमध्ये असते, केटीपीतही असते. शिवाय दोन्ही रंग स्फटिकात एकाच वेगाने चालायला हवेत. नाहीतर लेझीम पथकातल्या मागच्या रांगेसारखं होतं: मागचा हिरवा पुढच्या हिरव्याचा ठेका बिघडवतो आणि दोघेही एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून स्फटिक ठरावीक कोनातच कापावा लागतो. पैसा जातो तो इथे.

1961 साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा 694.3 नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून सोडून 347.2 नॅनोमीटरचा मिळवला. वेग जुळवलेले नव्हते, त्यामुळे छायाचित्रात ठिपका इतका पुसट उमटला, की छापताना तो डाग समजून काढून टाकला गेला. ठिपका दाखवणारा बाण तेवढा राहिला. आम्हाला हा किस्सा फार आवडतो.

घेण्यापूर्वी एक पाहा. 520 च्या आसपासचे पॉइंटर थेट हिरव्या डायोडचे असतात. चांगलेच असतात, पण त्यांत हा स्फटिक नसतो. शिकवण्यासाठी 532 चाच मागा. लेबलवरचे मिलीवॅट हिरव्या प्रकाशाचे असतात. आतला अवरक्त प्रकाश त्याहून बराच जास्त असतो. तो अडवणारा फिल्टर स्वस्त मालात कधीकधी नसतोच, आणि न दिसणाऱ्या प्रकाशासमोर डोळा आपोआप मिटत नाही. पॉइंटर खोलून पाहू नका.

थंडीत सकाळी हिरवा फिका पडला, तर लगेच बदलून घ्यायला आणू नका. तापमान बदललं की डायोडची तरंगलांबी 808 वरून सरकते आणि स्फटिक नीट चेतत नाही. दोन मिनिटं मुठीत धरा.