सुरक्षित प्रणाली आणि प्रणालीचा सुरक्षित वापर

मिरजेतल्या एखाद्या रुग्णालयात कागदी केसपेपर जाऊन त्या जागी संगणक आला, की थोड्याच दिवसांत ‘सॉफ्टवेअरने घोळ केला’ हे वाक्य कानावर येऊ लागते. चुकीच्या मात्रेत औषध गेले, तपासणीचा रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचला नाही किंवा एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर चढली, तरी कारण तेच सांगितले जाते. व्यवस्थापनाचे म्हणणे बहुधा याच्या उलट असते : सॉफ्टवेअर चांगले आहे, सिस्टरने नीट पाहिले नाही. दोन्ही पक्ष बोलतात वेगवेगळे, पण गल्लत एकच करतात. प्रणाली स्वतः सुरक्षित असणे ही एक गोष्ट आहे आणि तिचा वापर सुरक्षित रीतीने होणे ही दुसरी.

हा भेद ह्यूस्टन येथील वैद्यकीय संशोधक हरदीप सिंग आणि त्यांचे सहकारी डीन सिटिग यांनी 2012 मध्ये स्पष्टपणे मांडला. आधी प्रणाली निर्धोक हवी, मग तिचा वापर निर्धोक हवा आणि त्यानंतरच तिच्या मदतीने एकूण उपचार अधिक सुरक्षित करण्याची भाषा करावी, असा त्यांचा क्रम आहे. आपल्याकडे संगणकीकरणाच्या उद्घाटनाची भाषणे थेट तिसऱ्या पायरीवरून सुरू होतात; इथे पहिल्या दोनच पाहू.

प्रणालीच सदोष असणे म्हणजे काय, याचे ठळक उदाहरण थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राचे. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला आणि त्यांतील काही जण दगावले. ऑपरेटरने चुकलेली नोंद झटपट दुरुस्त केली, की पडद्यावर दुरुस्त आकडे दिसत. पण ठरावीक परिस्थितीत यंत्राच्या आतली जुळणी त्याप्रमाणे बदललेलीच नसे. आधीच्या मॉडेलांमध्ये असा प्रसंग रोखणारी यांत्रिक कुलपे होती, ती इथे काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. असा दोष कितीही सावध कर्मचाऱ्याला दिसणार नाही. तो उत्पादकानेच शोधून दुरुस्त करावा लागतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात 2013 मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. दिल्या गेल्या साडेअडतीस. रुग्णाचे वजन 40 किलोपेक्षा कमी असल्याने मात्रा वजनाच्या हिशेबात लिहायची असा तिथला नियम होता. फार्मासिस्टने गोळीच्या मापात बसणारी मात्रा पुन्हा लिहून मागितली. डॉक्टरांनी 160 हा आकडा भरला तो 160 मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी, या अर्थाने. पण त्या चौकटीत एकक होते दर किलोमागे मिलिग्रॅम. मुलाचे वजन सुमारे साडेअडतीस किलो असल्याने संगणकाने गुणाकार अचूक केला. जास्त मात्रेची सूचना पडद्यावर झळकली, पण अशा सूचना दिवसभर येतच असल्याने ती डॉक्टरांनी आणि पुढे फार्मासिस्टनेही बाजूला सारली. गोळ्या बांधणाऱ्या यंत्राने सांगितले तेवढ्या गोळ्या बांधल्या. परिचारिकेला संख्या विचित्र वाटली, तरी बारकोड तपासल्यावर यंत्राने ‘बरोबर’ म्हटले आणि तिची शंका तिथेच मिटली. मुलाला आकडीचा झटका आला. सुदैवाने तो वाचला.

या साखळीत बिघडलेले असे काहीच नव्हते, प्रत्येक भाग नेमून दिल्याप्रमाणे चालला. म्हणून दोष परिचारिकेचा, असे म्हणणे मात्र मला साफ अमान्य आहे. वापरात चूक झाली म्हणजे वापरणाऱ्याने हलगर्जीपणा केला, असे होत नाही. ज्या चौकटीत एकक सहज नजरेतून सुटते आणि जिथे किरकोळ सूचना व जीवघेणी सूचना एकाच रूपात येतात, तिथे चुकीची वाट आधीच आखून ठेवलेली असते.

सिंग यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही हेच दाखवतो. एक्स-रे, स्कॅन अशा तपासण्यांत गंभीर विकृती आढळल्याच्या 1,196 संगणकीय सूचनांचा त्यांनी माग काढला. त्यांपैकी सुमारे 18 टक्के सूचना दोन आठवड्यांत उघडून पाहिल्याच गेल्या नव्हत्या आणि जवळपास 8 टक्के रुग्णांच्या बाबतीत चार आठवडे उलटूनही पुढची कार्यवाही झालेली नव्हती. सूचना पोचवण्याचे काम प्रणालीने केले होते. त्यातही एकच सूचना एकाहून अधिक डॉक्टरांना गेली, तर ती दुर्लक्षित राहण्याचा धोका वाढलेला आढळला. दुसरा पाहील, असे प्रत्येकाला वाटत असावे, हे आपल्याकडच्या कोणत्याही वॉर्डात राउंड घेतलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

सांगली जिल्ह्यात याचे सर्वांत घरगुती रूप म्हणजे नावे. ओपीडीच्या खिडकीवर ‘पाटील’ टाइप केले, की पडदाभर पाटील येतात. ‘सुनीता पाटील’ टाकले तरी यादी फारशी आटोपत नाही. एकीचे नाव इंग्रजीत एका स्पेलिंगने चढलेले असते, दुसऱ्या खेपेला दुसऱ्या. मग एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि पेनिसिलिनची ॲलर्जी पहिल्या नोंदीत राहून जाते. मागे रांग खोळंबलेली असते, खिडकीवरची मुलगी वरून दुसरे नाव निवडते. इथे शोध चालतो, यादी बरोबर येते, तरी चूक घडते. नावाबरोबर गाव, वय, पतीचे किंवा वडिलांचे नाव आणि फोटो एकाच ओळीत दिसला, तर ती पुष्कळ कमी होईल. नुसते ‘लक्ष द्या’ असे परिपत्रक काढून होणार नाही.

मग दोन्ही ओळखायचे कसे? दुसऱ्या अनुभवी कर्मचाऱ्याला तीच कृती, तीच माहिती देऊन पुन्हा करायला सांगावी. पडद्यावर एक आणि आत दुसरेच होत असेल, तर दोष प्रणालीत आहे. प्रणाली सांगितलेलेच करत असेल, पण सांगणाऱ्याच्या मनात वेगळे असेल, तर वापराची मांडणी तपासावी. ही कसोटी सर्वत्र पुरत नाही, हे खरे. थेरॅकचा दोष काम भराभर झाले तरच प्रकट होई, सावकाश केलेल्या चाचणीत तो दिसत नसे. काही अडचणी तर या दोन्हींत बसतच नाहीत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी 57 फुटांच्या वर गेली होती. अशा वेळी तळमजल्यावरचा सर्व्हर बंद पडला, तर तो प्रश्न सॉफ्टवेअरचाही नाही आणि सिस्टरचाही नाही. सर्व्हर कुठे ठेवायचा आणि वीज गेल्यावर औषधांचा छापील तक्ता कोणत्या कपाटात सापडेल, हे व्यवस्थापनाने आधी ठरवायचे असते. सिंग आणि सिटिग यांच्या मार्गदर्शिकांमध्ये प्रणाली बंद पडल्यावर काय करायचे याला स्वतंत्र जागा आहे, ती याचसाठी.

तक्रार कुठे करायची, यातही दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. निदान किंवा उपचारासाठी बनवलेले सॉफ्टवेअर भारतात 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येते आणि उपकरणांमुळे झालेल्या अपायाची नोंद गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाच्या कार्यक्रमाकडे करता येते. वापरातल्या चुकीची नोंद बहुधा रुग्णालयाच्या घटना-नोंदवहीतच राहते आणि तिथे ‘सिस्टरकडून चूक, समज दिली’ एवढाच शेरा असतो. त्याऐवजी कोणता पडदा उघडा होता, त्यावर काय दिसत होते, कर्मचाऱ्याला काय करायचे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या चार गोष्टी लिहिल्या, तर तीच नोंद सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यापुढे बदलाची मागणी म्हणून ठेवता येते.