विंचूदंश: गार पडलेल्या हातापायांचा अर्थ कसा लागला

कोकणातला लाल विंचू (हॉटेंटोटा टॅम्युलस) दगडांच्या फटीत, लाकूडफाट्यात, पेंढ्यात दडून असतो. बहुतेकांना तो चावला की फक्त असह्य वेदना होतात आणि त्या दिवसभरात ओसरतात. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाला यश मिळायचे ते याच रुग्णांत. जीव जायचा तो दुसऱ्या प्रकारात. दुखण्याची तक्रार फारशी नाही, पण पोर दरदरून घामाने भिजलेले, उलट्या, तोंडातून लाळ, मुलगा असेल तर लिंगताठरता, आणि हातपाय बर्फासारखे गार. काही तासांत छातीत घरघर आणि तोंडाला गुलाबी फेस. गंभीर रुग्णांपैकी तीसेक टक्के दगावत.

तेव्हाचे उपचार म्हणजे अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, अॅट्रोपिन आणि झोपेच्या औषधांचे मिश्रण. यातले अॅट्रोपिन तर घातकच. घाम-लाळ थांबते, पण आधीच धडधडणारे हृदय आणखी पळते.

डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब नोंदवत राहिले. मृत्यू हृदय आणि फुप्फुसांमुळे होतो, आणि त्याची चाहूल आधीच लागते, हे त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. विषाने कॅटेकोलामाइन्सचा, म्हणजे अॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा, लोंढा सुटतो, रक्तवाहिन्यांवरचे त्यांना प्रतिसाद देणारे अल्फा ग्राही उद्दीपित होऊन रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. हातपाय गार पडतात तेही या आवळण्यामुळेच. मग अल्फा ग्राहींनाच अडवणारे रक्तदाबाचे औषध, प्राझोसिन, का देऊ नये? ते देऊन पाहिल्याचा अनुभव 1986 साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. वेळेत पोचलेल्यांतले मृत्यू पुढे तीन टक्क्यांच्या आत आले.

मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. 15 किलोच्या मुलाला 450 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची जेमतेम अर्धी. हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. सावकाश विरघळणारी गोळी इथे चालत नाही, ती मोडताही येत नाही. घाम-उलट्यांनी शरीर कोरडे पडलेले असते, म्हणून पाणी आधी भरून काढायचे. पहिल्या मात्रेनंतर मूल आडवेच ठेवायचे. कुणी मायेने कडेवर उचलले की रक्तदाब एकदम कोसळू शकतो, हे नातेवाइकांना बजावून सांगावेच लागते. फुप्फुसात पाणी भरलेच असेल तर गोळीवर विसंबता येत नाही. तिथे ऑक्सिजन आणि शिरेतून नायट्रोग्लिसरीन किंवा नायट्रोप्रुसाइड ही रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे लागतात. नायट्रोप्रुसाइडची बाटली आणि नळी उजेडापासून झाकूनच ठेवावी लागते.

विंचवाच्या विषावरचे प्रतिविष द्यावे की नाही, हा प्रश्न बराच काळ वादात होता. 2011 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या महाडच्या चाचणीत 70 रुग्ण होते. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते. सुटून गेलेल्या कॅटेकोलामाइन्सवर त्याचा इलाज नाही, म्हणून ते लवकर द्यावे लागते आणि सोबत प्राझोसिन चालूच ठेवावे लागते.